बिनधुराची चूल आणि लढाईचं खातं

ज्याच्या डोक्यात एखादा शोध आला असेल त्यानं तो डोक्यातच ठेवावा. फारच तकलीफ होत असेल तर डोक्याला तेल चोळून निजावं, पण सरकारला कळवू नये. हे मी उगाच सांगत नाही. हिंगोलीच्या मिडल स्कूलमध्ये मी पोरांना ड्रॉइंग शिकवतो. आजवर कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तरी माझं अंगण सरकारी कुदळीनं खणलं गेलं, माझ्या नोकरीवर गदा आली आणि जवळा बाजारपर्यंत माझं नाव भलत्याच कारणानं गाजलं. माझा गुन्हा काय? तर मी लढाई जिंकून द्यायला निघालो होतो!

खरं तर माझा लढाईशी काही संबंध नव्हता. माझा संबंध होता अनुसयेच्या डोळ्यांशी. अनुसया म्हणजे माझी बायको. आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक कोंदट खोली, वर धाबं, खिडकी नावाला. त्या धुरानं तिचे डोळे सकाळ-संध्याकाळ गळायचे. सुईत दोरा ओवणं तिनं केव्हाच सोडलं होतं. तांदळातले खडे ती चाचपून काढायची आणि आम्ही ते चावून शोधायचो. वैद्यबुवांनी सरळ सांगितलं, "मास्तर, औषध-फिवषध काही नाही. धूर बंद करा. नाही तर बाईंची नजर जाईल."

धूर बंद करा म्हणे! म्हणायला काय जातं? पण मी हटलो नाही. चुलीला मागून भोक पाडलं, त्याला खापरी नळ जोडले, ते जमिनीखालून अंगणात नेले. तिथं लांब चर खणून वर कडबा, पाला आणि ओली माती असे थर दिले. धूर नळातून जायचा, चरात फिरायचा, मातीत जिरायचा आणि बाहेर येईपर्यंत त्यात काही दम उरायचा नाही. पहिल्या दिवशी अनुसया भाकरी करून बाहेर आली आणि म्हणाली, "अवो, आज मी रडलेच न्हाई की!" झालं होतं काम. माणसानं तिथंच गप बसायला पाहिजे होतं.

पण मी वाचनालयात जातो ना, ती खोड नडली. तिथं पेपरात सरकारचं आवाहन होतं. लढाई तेव्हा ऐन भरात होती. दिल्लीत म्हणे युद्धोपयोगी शोधांचं एक खातं उघडलंय आणि जनतेनं आपापले शोध पाठवावेत. दुश्मनाच्या विमानांपासून फौजेचा ठावठिकाणा लपवणाऱ्या युक्त्या विशेष हव्या आहेत. मी टेबलावर हाताची थाप मारली. अहो, फौज कुठं आहे हे विमानाला कशावरून कळतं? स्वयंपाकाच्या धुरावरून! आणि बिनधुराची चूल कुणाकडे आहे? वाचनालयातला म्हातारा कारकून "हळू, मास्तर, हळू," म्हणत राहिला, पण मी घरी पोचलो सुद्धा.

आमच्या गल्लीत बातमी लपत नाही. पहिले आले हिरासिंग हवालदार. हे फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, एकटेच राहतात. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मास्तरजी, अर्जी में देग के अंदर क्या पकता है ये मत लिखना. फौज की खुराक राज़ की बात होती है." मला पटलं. मग समोरच्या द्वारकाबाई आल्या. "भावजी, बाजूला वैल ठुवा बरं का. भाकरी झाली, मंग शिपायायनं कालवण कशावर करावं?" तेही पटलं. मग शेजारचे खाजा मिया मनियार आले. बांगड्या भरता भरता ते गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज लिहून देतात. ते म्हणाले, "मास्तरसाब, चूल लिखू नका. चूल म्हणलं की साहेब लोक हसतात. मैं बराबर लिखता." आणि त्यांनी असं काही उर्दू लिहिलं की वाचून मलाच वाटावं, आपण तोफ केली की काय.

नकाशा मात्र मी काढला. सगळा जीव ओतला त्यात! भट्टी, वर झाकलेलं मोठं भांडं, मागून निघणारी नळी, जमिनीखालचा छुपा चर, सगळं छायाप्रकाशासकट. भांड्यात काय शिजतंय हे हिरासिंगांच्या सल्ल्याप्रमाणे लिहिलं नाही. अर्ज वाजवी मार्गानं, म्हणजे तहसिलीतून रवाना केला.

तहसिलीतून महिनोन् महिने चकार शब्द नाही. तेव्हा खाजा मियांनी दुसरी तोड काढली. "वाशीम इंग्रजी इलाखा है. वहाँ से सीधा दिल्ली भेजो." म्हणून मी चुलीचा एक नमुना केला, गवतात गुंडाळला आणि बैलगाडीत घालून निघालो. कनेरगाव नाक्यावर आमची रियासत संपते आणि इंग्रजी मुलूख लागतो. तिथं जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या लोकांनी गाडी अडवली.

"काय हाय?" नाकेदारानं विचारलं.

"चूल."

"कशापाई नेऊन राहिले?"

"लढाईसाठी," मी छाती काढून सांगितलं.

हेच चुकलं. लढाईचं सामान परवान्याशिवाय रियासतीबाहेर जात नाही, म्हणाला. मी म्हटलं, बाबा, साधी मातीची चूल आहे ही. "मंग साध्या चुलीला गवतात निजवून काहून नेऊन राहिले?" त्यानं दराचं पुस्तक उलटंसुलटं केलं. त्यात मडकी होती, लोखंड होतं, हत्यारं होती; चूल कशातच बसेना. वरचे साहेब आल्यावर ठरेल म्हणाला, आणि वरचे साहेब वाशीमला लग्नाला गेलेले. मी झाडाखाली ताटकळत बसलो. तेवढ्यात नाक्यावरच्या लोकांनी माझ्या नमुन्यावर चहा ठेवला! चूल अजून पुरती वाळलेली नव्हती, मधोमध तडकली. "चहा झकास झाला पण," असं नाकेदार मला म्हणाला. मी त्या चहाला हात लावला नाही. तुकडे घेऊन परत आलो.

घरी आलो तर दारात आबकारीचे शिपाई.

काय झालं होतं म्हणता? तहसिलीत कुणी तरी माझा नकाशा शेवटी पाहिला होता. झाकलेलं भांडं, भांड्यात काय ते लिहिलेलं नाही, मागून नळी, आणि नळी जमिनीखाली लपवलेली! मोहाच्या दारूची भट्टी, आणि वर अर्जदाराची सहीसुद्धा! त्यांनी तो कागद लढाईच्या खात्याकडे धाडायच्या आधी आबकारीकडे धाडला. माझ्या देखत अंगण खणलं. एकेक नळ काढून हुंगला. एका शिपायानं तर जीभ लावून पाहिली आणि थुंकला, तेव्हा दरोगा त्याला म्हणाला, "काय लागलं?" तो म्हणाला, "धूर." तरी नळ जप्त! प्रकरण निकाली निघेपर्यंत अंगणात काही पुरायचं नाही, असा हुकूम.

मी! ड्रॉइंग मास्तर! सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा माणूस! शाळेत हेडमास्तरांनी खुलासा मागितला. पोरं फळ्यावर मडकं आणि नळी काढून ठेवायची, आणि वैताग असा की त्यांना मीच काढायला शिकवलेलं. एका रविवारी जवळा बाजारचा एक अनोळखी गृहस्थ दारात उभा. हळूच म्हणाला, "मास्तर, पावशेर मिळंल का? लांबून आलोय." मी त्याच्या अंगावर इतका ओरडलो की खाजा मियांच्या बांगड्या फुटल्या. निदान ते तसं म्हणतात.

या सगळ्यात अनुसयेचं काय झालं? ती ओसरीत तीन दगड मांडून ओल्या लाकडांवर स्वयंपाक करायला लागली. आधी निदान धूर स्वयंपाकघरात होता, आता सगळ्या घरात. डोळे पुन्हा तसेच लाल, तसेच गळके.

प्रकरण मिटता मिटता वर्ष सरलं. आणि कोण जाणे कसा, माझा अर्ज आबकारीतून सुटून दिल्लीला पोचला. उत्तर आलं! जाड कागद, वर शिक्का. खात्याला शोधात रस आहे, नमुना पुन्हा बांधून तयार ठेवावा, तपासणीला अधिकारी येतील. मी ते पत्र गल्लीत सगळ्यांना वाचून दाखवलं. भट्टीमास्तर म्हणणाऱ्यांना दोनदा वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीशी मात्र माझा आवाज जरा खाली आला. तपासणी होईपर्यंत नमुना वापरू नये, असं लिहिलं होतं.

चूल बांधली, नळ पुरले, चर झाकला. अनुसया रोज सकाळी त्या चुलीला पोतेरं द्यायची आणि बाहेर येऊन तीन दगडांवर धुरात बसायची. एक दिवस तिच्या तोंडून निघालंच. "चूल माझी, डोळे माझे, आन् परवानगी दिल्लीची! कवा येनार हायत तुमचे साहेब?"

"येतील. सरकारी काम आहे, वेळ लागतो."

"तवर माझी नजर थांबंल का?"

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. अजून आठवलं की माझंच तोंड कडू होतं.

शेवटी तार आली. साहेब अमुक गाडीनं येणार. मी आनंदानं घरात ओरडलो, तर अनुसया कपाळाला हात लावून उभी. "त्या दिवशी शितळा सातम हाय!"

श्रावणातली सातम! त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. तिला सारवून, हळदीकुंकू वाहून थंड ठेवतात, आणि आदल्या दिवशीचं शिळं खातात. मी म्हटलं, "अगं, वर्षभर तूच या दिवसाची वाट पाहत होतीस. एक जाळ कर. एक भाकरी."

"न्हाई."

"साहेब दिल्लीहून येतायत!"

"इंग्लंडाहून येऊ द्या. आपली जिवन देवीतून उठली तवा मी शब्द देलाय शितळामाईला. तुमाला आठवत न्हाई, मला आठवतंय." जिवन म्हणजे आमची लेक, आता शिरड शहापूरला सासरी सुखात आहे. मला आठवत होतंच की.

मी धावत खाजा मियांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, खतीजाबींनी, माझ्या चुलीसारखीच चूल बांधून घेतली होती. त्यांनी पदर सावरून सांगितलं, "भाईसाब, रोज़े हैं. दिन में हमारे घर का चूल्हा नहीं जलता." द्वारकाबाईंकडे सातम. सगळ्या गल्लीत अर्ध्या घरांत सातम आणि अर्ध्यांत रोजा! हिरासिंगांना ना सातम ना रोजा, पण त्यांच्या घरात चूलच नाही, ते खानावळीत जेवतात. वर्षातले बाकीचे सगळे दिवस सोडून दिल्लीच्या खात्यानं हाच दिवस कसा निवडला, याचा तपास कुणी तरी केला पाहिजे.

साहेब आले. हिंदुस्थानी बोलायचे, पण पुस्तकातलं. उन्हानं आणि उकाड्यानं हैराण. पहिला प्रश्न, "चाय मिलेगी?" मी म्हटलं, "आज गल्लीत चहा नाही, साहेब." अनुसयेनं शिळी पोळी आणि दही पुढं ठेवलं. साहेबांनी पोळीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, मला परतीची गाडी गाठायची आहे, मी दुश्मनाच्या नजरेनं तपासणी करणार. म्हणजे काय, तर उंचावरून! ते जिनिंगच्या पाण्याच्या टाकीवर चढले, मागे हिरासिंग त्यांची बॅग घेऊन. मी खालून ओरडतोय, "साहेब, चूल पेटलेली नाही!" पण वर वारा. साहेबांनी दुर्बीण लावली. ऐन जेवणाची वेळ, आणि अख्ख्या गल्लीवर धुराची एक रेघ नाही!

साहेब तिथंच, टाकीवर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून रिपोर्ट लिहायला लागले.

खाली आल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "बहुत खूब! बिलकुल धुआँ नहीं!" मी हात सोडवून घेतला. राग आला मला. माझा शोध खरा होता, चांगला होता, आणि याला तो न बघताच पास करायचा होता! मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. बूट बाहेर काढायला लावले. चुलीवर हात ठेवायला लावला. "बघा. गार आहे. आज सणाची चूल आहे. तुम्ही उद्या थांबा, मी पेटवून दाखवतो."

साहेब त्या चुलीकडे आणि तिच्यावरच्या हळदीकुंकवाकडे पाहत राहिले. समजलं त्यांना, नक्की समजलं. मग हातातल्या कागदाकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "मास्टरजी, रिपोर्ट तो हो चुकी. दस्तख़त भी हो गया."

आणि पास झालेला शोध म्हणजे फौजेचं गुपित! गुपित म्हटलं की मोहोर! साहेबांनी बॅगेतून सुतळी काढली, लाख काढली. लाख वितळवायला काडी ओढणार, तोच अनुसया दारात आडवी. "जाळ न्हाई करायचा आज चुलीपाशी!" मग साहेब लाख अंगणात वितळवायचे आणि अनवाणी पळत आत यायचे, येईपर्यंत ती गार. पुन्हा अंगणात. हिरासिंग दार धरून उभे. शेवटी कशीबशी मोहोर बसली, चुलीच्या तोंडावर सुतळी आडवी बांधली गेली, आणि साहेब गाडी गाठायला गेले.

दुसऱ्या दिवशी लढाई संपली.

मी थट्टा करत नाही. शाळेला सुट्टी, पोरांना साखर. मी साखर न घेता तहसिलीत पळालो. म्हटलं, लढाई संपली, आता गुपित कसलं? मोहोर काढा. ते म्हणाले, मोहोर ज्यानं लावली त्यानंच काढायची. दिल्लीला लिहिलं. उत्तर आलं, लढाईसाठी उघडलेलं खातं लढाई संपल्यामुळे बंद करण्यात आलं आहे. मग मोहोर कुणी काढायची? याचं उत्तर द्यायला खातंच नाही! आणि काढणाऱ्याला कैद, हा कायदा मात्र शाबूत.

दसरा गेला, दिवाळी गेली. तोवर अख्ख्या गल्लीत माझ्या चुलीसारख्या चुली झाल्या होत्या. खतीजाबींची, द्वारकाबाईंची, पलीकडच्या सोनाराची. बायका एकमेकींना चर कसा झाकायचा ते सांगायच्या. गुपित कसलं घेऊन बसलात! सगळ्या गल्लीत धूर निघायचा तो फक्त शोध लावणाऱ्याच्या घरातून.

आणि मग एका सकाळी ओसरीत आवाज झाला. मी गेलो तर अनुसया हात पाण्यात बुडवून बसलेली. तापलेल्या तव्यावर तिनं हात ठेवला होता, अख्खा पंजा. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "दिसला न्हाई मला."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला, आत गेलो आणि त्या मोहोरेवर घातला. लाखेचे तुकडे भिंतीला लागले. आवाज ऐकून हिरासिंग धावत आले. "मास्तरजी! सरकारी मोहर! सज़ा होगी!"

"होऊ द्या!" मी ओरडलो. "म्हणावं या! अंगण खणलंत, नळ हुंगलेत, माझ्या चुलीवर चहा केलात, आता मलाही न्या! पण आधी तिची भाकरी होऊ द्या!"

सुतळी मी स्वतः तोडली. जाळही मीच केला, मला येत नाही तरी. अनुसया हाताला तूप लावून दाराशी बसून सांगत होती, "अवो, लाकडं उलटी घालून राहिले तुमी." धूर नळातून गेला, चरातून मातीत जिरला. त्या दिवशीच्या भाकरी करपल्या, पण आम्ही खाल्ल्या.

कैद करायला अजून कुणी आलेलं नाही. मी वाट पाहतोय. मला त्यांना दोन शब्द सुनावायचे आहेत, ते मी रोज घोकून ठेवतो.

परवा दुपारी जेवत होतो आणि हेच सगळं मोठमोठ्यानं बोलत होतो; खातं, साहेब, करोडगिरी, आबकारी, सगळ्यांचा उद्धार चालला होता. अनुसया समोर बसून माझ्याकडे टक लावून पाहत होती. वाटलं, ऐकतेय. मधेच म्हणाली, "अवो, तुमचे केस येवढे पांढरे कवा झाले?"

"पांढरे? कुठं पांढरे? काहीतरी काय बोलतेस!" मी भडकलोच. आधीच डोकं तापलेलं.

"हितं," ती म्हणाली, आणि हात लांब करून तिनं बोट टेकवलं. मी उठून आरशात पाहिलं. बोट बराबर पांढऱ्या केसावर होतं.